टोपड्याचा प्रश्न

माझे लग्न झालेले आहे, याविषयी माझ्या मनात कधीच संदेह नव्हता. 1991 सालच्या वैशाखात, पुण्यातील एका कार्यालयात, पंख्याखाली बसण्यावरून वऱ्हाडात लागलेली चढाओढ ऐन रंगात असताना अंतरपाट दूर झाला, त्या क्षणापासून या घटनेचा विसर पडावा अशी एकही संधी मला मिळालेली नव्हती. परंतु चीन सरकार असल्या तोंडी पुराव्यास भीक घालीत नसे. न्यू जर्सीत राहणाऱ्या, अमेरिकेचे पारपत्र बाळगणाऱ्या आणि अपत्यहीन अशा आम्हा उभयतांनी 2004 साली चीनमधून एक कन्या दत्तक घेण्याचा अर्ज केला, तेव्हा विवाहाचा दाखला मागण्यात आला. आणि तोही माझ्या ट्रंकेत नॅप्थॅलीनच्या गोळ्यांच्या सहवासात पडलेला जुना नव्हे, तर नव्याने काढलेला, लग्न ज्या देशात झाले तेथेच साक्षांकित झालेला, त्या साक्षीवर वरिष्ठांची मोहोर असलेला आणि ती मोहोर खरी असल्याबद्दल तेथील चिनी वकिलातीने पुन्हा आपली मोहोर उठविलेला.

हे काम अर्थातच मातोश्रींकडे सोपविण्यात आले. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी त्या छत्री घेऊन संबंधित कचेरीत गेल्या. तेथे झालेले जाबजबाब त्यांनी मला फोनवर जसेच्या तसे ऐकविले.

"नवरानवरी कुठे आहेत?"

"अमेरिकेत."

"मग त्यांना घेऊन या."

"कशाला?"

"लग्न झालंय का ते विचारायला."

मातोश्रींनी छत्री टेबलावर ठेवली आणि लग्नात कोणकोणत्या नातेवाइकाने कोणता अपमान मानून घेतला याची कैफियत तपशीलवार निवेदन करण्यास आरंभ केला. तिसऱ्या अपमानापर्यंत येताच कारकुनाने दाखला दिला.

मनुष्य बाप होण्यास लायक आहे किंवा नाही याची चौकशी सरकारदरबारी होऊ लागली, तर पृथ्वीवरील लोकसंख्येचा प्रश्न एका पिढीत निकालात निघेल, असे माझे तेव्हापासून ठाम मत झाले आहे. पोलिसांचा दाखला, डॉक्टरांचा दाखला, पगाराचा दाखला, बोटांचे ठसे. एक समाजसेविका घर पाहण्यास आली आणि तिने अत्यंत मृदू स्वरात विचारले, "तुमच्या उभयतांत मतभेद झाले, तर तुम्ही ते कसे सोडविता?" मी 'चर्चेने' असे म्हणण्यासाठी तोंड उघडले, तोच आमचे कुटुंब उत्तरले, "दोन दिवस बोलत नाही. तिसऱ्या दिवशी ते चहा करतात." समाजसेविकेने हे लिहून घेतले. ते वाक्य पुढे चिनी भाषेत अनुवादित होऊन पेकिंगच्या दप्तरात कायमचे दाखल झाले असावे, या विचाराने मला आजही मध्यरात्री जाग येते.

सात महिन्यांनी तिकडून एक छायाचित्र आले. त्यात एक गोबरे, गंभीर आणि किंचित त्रासलेले तोंड कपड्यांच्या एका प्रचंड गाठोड्यातून बाहेर आले होते. आत मूल किती आणि कापूस किती, याचा अंदाज लागत नव्हता. मातोश्रींना प्रत पाठविली. उलटटपाली एक पार्सल आले. त्यात कुंची, तांबड्या बंदांचे टोपडे, जुन्या लुगड्याचे मऊ दुपटे आणि काळे मणी ओवलेल्या मनगट्या. कुटुंबाने ते प्रेमाने न्याहाळून पेटीच्या तळाशी ठेवले. कारण तिने आणलेल्या बालसंगोपनाच्या सातशे पानी अमेरिकन ग्रंथात टोपड्याचा उल्लेख कोठेही नव्हता.

निघण्यापूर्वी, एकाच तुकडीने जाणाऱ्या आम्हा नऊ कुटुंबांना दत्तकसंस्थेतर्फे 'सांस्कृतिक भिन्नता' या विषयावर व्याख्यान देण्यात आले. वस्तू देता-घेताना दोन्ही हात वापरावेत. शुभप्रसंगी पांढरी वस्त्रे नेसू नयेत, तो शोकाचा वर्ण आहे. वडीलधाऱ्यांच्या आधी ताटाला हात लावू नये. आणि आपल्या मुलाची कोणी स्तुती केली तर ती नाकारावी. शेजारचे टेक्ससचे गृहस्थ हे सर्व भराभर टिपून घेत होते. माझी टिपणवही मात्र कोरीच राहिली. कारण यातील प्रत्येक कलम मला वयाच्या सातव्या वर्षापर्यंत पाठीवर लिहून मिळालेले होते. केवळ भाताच्या ढिगात काड्या उभ्या खोवू नयेत, हे एकच कलम मला नवे होते. शेवटचा हुकूम असा, की अनाथालयास द्यावयाची तीन हजार डॉलरांची देणगी कोऱ्या करकरीत नोटांत द्यावी. घडी पडलेली नोट स्वीकारली जाणार नाही. बँकेने दिलेल्या तीस नोटांपैकी चार कुटुंबास सुरकुतलेल्या वाटल्या, म्हणून तिने त्यांना इस्त्री केली. पुढे त्या मी एका कशात घालून कमरेला बांधल्या आणि घडी पडू नये म्हणून न्यू जर्सीपासून हूनान प्रांताच्या राजधानीपर्यंत, म्हणजे छांगशापर्यंत, ताठ बसून प्रवास केला. विमानातील परिचारिकेने तीनदा विचारले, "पाठ दुखते का?"

मार्च 2005 मध्ये आम्ही चीनच्या भूमीवर पाऊल ठेवले. त्या एका वर्षात अमेरिकेतील कुटुंबांनी चीनमधून 7,903 मुले दत्तक घेतली, आणि विमानतळावरील त्या तरुण अधिकाऱ्याने त्यांतील बहुतेक पालक पाहिले असावेत. तरीही माझ्यापुढे तो थबकला. त्याने पारपत्राकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, कुटुंबाच्या कुंकवाकडे पाहिले.

"अमेरिकन?"

"होय."

"दिसत नाही."

"पारपत्रावर लिहिलेले आहे."

"लिहिलेले आहे," तो म्हणाला, "पण दिसत नाही."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. हा अभिप्राय मी अमेरिकेतही वारंवार ऐकलेला आहे. पण तेथे तो इतक्या स्पष्टपणे बोलून दाखविण्याचे सौजन्य कोणी दाखवीत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरकारी कचेरीच्या एका दिवाणखान्यात नऊ दाया नऊ गाठोडी घेऊन हजर झाल्या. नाव पुकारले जाई, एक गाठोडे पुढे येई, आणि पाहता पाहता एक धिप्पाड अमेरिकन गृहस्थ ओक्साबोक्शी रडू लागे. चिनी पद्धतीत नावाचा आरंभ आडनावापासून होतो. आमचे अमेरिकन सोबती त्यामुळे फार गोंधळात पडले, पण ज्याचे नाव शाळेच्या हजेरीपटापासून मतदारयादीपर्यंत आडनावानेच सुरू झाले आहे अशा मला ती पुकार ऐकून थेट चौथीच्या वर्गात उभे असल्याचा भास झाला, आणि आमची पाळी येताच मी "हजर!" म्हणून ओरडलो.

कन्या चौदा महिन्यांची होती. खोलीवर येऊन आम्ही गाठोडे सोडावयास घेतले. बाहेर रुईभरला जाड अंगरखा, त्याखाली लोकरी स्वेटर, त्याखाली दुसरा लोकरी स्वेटर, त्याखाली सुती बंडी, त्याखाली आणखी एक. खाली तीन विजारी, आणि त्या तिन्ही ऐन मोक्याच्या ठिकाणी, पुढून मागेपर्यंत, शिवणच न घातलेल्या. पाचव्या पदराखाली प्रत्यक्ष कन्या लागली. ती घामाने निथळत होती, आणि एखाद्या शिरस्तेदाराने अपुऱ्या मुद्रांकाच्या अर्जाकडे पाहावे, तशी माझ्याकडे पाहत होती.

नात्यांच्या नावांनी तर आमची पुरती त्रेधा उडविली. दुभाषी बाईंनी माझ्याकडे बोट दाखवून मुलीला सांगितले, "बाबा!" मी कृतकृत्य झालो, कान किंचित सैल ठेवला, तर चिनी भाषेतही बापाला बाबाच म्हणतात. मग त्यांनी कुटुंबाकडे बोट दाखविले आणि म्हणाल्या, "मामा!" कुटुंबाने चमकून मागे पाहिले, तिचे बंधू त्या वेळी नाशकात होते. चिनी भाषेत मामा म्हणजे माता, हे समजून घेण्यात अर्धा तास गेला. पण खरी गंमत रात्री झाली. दिवे मालवल्यावर कन्येने हुंदके देण्यास आरंभ केला, आणि त्या हुंदक्यांतून स्पष्ट शब्द उमटले, "आयी... आयी..." कुटुंबाने तिला उराशी धरले. स्वतःच्या डोळ्यांना पदर लावला. त्याच पावली, घड्याळाकडे न पाहता, पुण्यास फोन लावला. "अहो सासूबाई, पहिल्याच दिवशी मला आई म्हणाली! कोणी शिकवलं नाही हो!" मातोश्रींनी तिकडे देवापुढे साखर ठेवली.

सकाळी दुभाषी बाईंना ही वार्ता सांगितली. त्यांनी कन्येची हाक लक्षपूर्वक ऐकली आणि जरा अवघडून म्हणाल्या, "आयी म्हणजे मावशी. मुले सांभाळणाऱ्या बाईंना आमच्याकडे सगळे आयी म्हणतात. ती तिच्या दाईला बोलावते आहे."

कुटुंब थोडा वेळ काहीच बोलले नाही. मग मुलीचे नाक पुसत म्हणाले, "असू दे. मावशी तर मावशी." पुण्यास मात्र हा खुलासा कळविण्यात आला नाही.

त्यानंतरचा दिवस कागदपत्रांचा. चिनी अधिकाऱ्याने गंभीरपणे विचारले, "या मुलीस तुम्ही कधी टाकून देणार नाही ना? तिचा छळ करणार नाही ना?" आम्ही नाही म्हणालो. "तिला शिक्षण देणार?" हा प्रश्न मराठी मध्यमवर्गीय बापास विचारू नये. मी पदव्युत्तर शिक्षणापर्यंतची योजना सांगत सुटलो, कुटुंबाने मधेच "आधी इंजिनीअरिंग" अशी दुरुस्ती सुचविली, आणि संशोधनवृत्तीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच अधिकाऱ्याने तांबड्या शाईचा डबा पुढे सरकवून मला थांबविले. दस्तऐवजावर अंगठा उठवावयाचा होता. आमच्या घराण्यातील शेवटचा अंगठा माझ्या पणजीने सावकाराच्या कर्जखतावर उठविला होता, आणि त्यानंतर तीन पिढ्यांनी साक्षरतेसाठी जो खटाटोप केला, त्याची फलश्रुती म्हणून दोन पदव्या नावापुढे लावणारा मी पुन्हा त्याच डब्यात अंगठा बुडवीत होतो. शेजारी कन्येच्या इवल्या तळव्याचा ठसा घेण्यात आला. तिचा माझ्यापेक्षा पुष्कळच स्वच्छ उमटला.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. छांगशात त्या दिवसांत पुण्याच्या माघासारखी थंडी होती, वर भुरभुर पाऊस. आमच्या अमेरिकन ग्रंथाच्या मते, बापाच्या अंगात जितके कपडे असतील तितकेच मुलास पुरे. त्याबरहुकूम आम्ही कन्येस एक सदरा, एक स्वेटर आणि विजार घालून, ढकलगाडीत बसवून रस्त्यावर आलो. वीस पावले गेलो नसू, तोच भाजीची जुडी घेतलेली एक म्हातारी आडवी आली. तिने मुलीच्या विजारीचा पाय खाली ओढला, उघड्या पडलेल्या दोन बोटे रुंद पोटरीकडे बोट दाखविले आणि म्हणाली, "लंऽग!" म्हणजे थंडी. आम्ही हसून मान डोलविली. पुढच्या चौकात दुसरी. तिने मोजा वर ओढला. बागेच्या दारात तर चारपाच जणींचे एक मंडळच बसले होते. त्यांनी ढकलगाडीस घेराव घातला, एकीने हात चाचपले, दुसरीने पाय, तिसरीने मानेत बोट घालून आत किती पदर आहेत याची मोजदाद केली आणि एकूण आकडा दोनच भरल्याचे जाहीर करताच सर्वांनी एकमुखाने माझ्याकडे पाहून जो चुकचुकाट केला, त्याचे भाषांतर करण्यास दुभाष्याची गरज नव्हती. तो चुकचुकाट माझ्या परिचयाचा होता. सदाशिव पेठेतील वाड्यात, मी दह्याची वाटी तोंडाला लावताच, चारही ओसऱ्यांवरून तो एकाच वेळी उठत असे.

टेक्ससचे गृहस्थ या छळाने हैराण झाले. "हा आमचा खाजगी प्रश्न आहे," असे ते एका आजीबाईंस इंग्रजीत समजावून सांगत असताना त्या त्यांच्या मुलाची बंडी विजारीत खोवीत होत्या. त्यांनी दुभाषी बाईंकडे तक्रार केली, "यांचा माझ्या मुलाशी काय संबंध?" दुभाषी बाईंनी पुष्कळ विचार केला; त्यांना प्रश्नच कळला नाही. खरे सांगावयाचे तर मलाही कळला नाही. परंतु अमेरिकन पारपत्राचा मान राखून मी मान हलविली.

तिसऱ्या दिवशी कुटुंबाने, माझी नजर चुकवून, पेटीच्या तळाचे टोपडे काढले आणि कन्येच्या डोक्यावर चढवून हनुवटीखाली तांबडे बंद बांधले. बागेतील मंडळाने ते दुरूनच हेरले. हूनानमधील त्या वृद्धांनी पुण्याच्या त्या शिलाईची उलटसुलट परीक्षा केली, बंद ओढून पाहिले, आणि कुटुंबाच्या खांद्यावर थापटी मारून तिला बाकावर आपल्यात जागा करून दिली. मला मात्र कोणी जागा दिली नाही.

भोजनाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. हूनान हा मिरचीचा प्रांत. कोल्हापुरी रश्श्यावर वाढल्याची बढाई मी पहिल्याच रात्री सर्वांसमक्ष मारली आणि ताटभर लाल मिरच्यांखाली झाकलेल्या माशाच्या डोक्यापुढे दुसऱ्याच घासाला शरणागती लिहून दिली. घोटभर थंड पाणी मागावे तर वाफाळते पाणी समोर येई. कुटुंब शाकाहारी. तिने मागविलेल्या घेवड्यावर बारीक तपकिरी कण दिसले.

"यात मांस आहे का?"

"नाही, नाही. हा घेवडा आहे."

"मग हे काय आहे?"

"ते डुकराचे. थोडेच आहे. चवीपुरते."

आमच्याकडे उपासाच्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीत काय चालते आणि काय चालत नाही हे टेक्ससच्या गृहस्थांना समजावून देताना मी ज्या मुद्रेने बोलतो, अगदी त्याच मुद्रेने तो वाढपी बोलत होता. तेव्हा वाद वाढविण्यात अर्थ नव्हता.

आजीबाईंच्या त्या बागेतच एक वृद्ध गृहस्थ भेटले. आम्ही कोठले, असे त्यांनी विचारल्यावर मी हुशारीने अमेरिका वगळून 'यिंदू', म्हणजे हिंदुस्थान, असे उत्तर दिले. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी प्रथम राज कपूरच्या 'आवारा'ची चाल गुणगुणून दाखविली, आणि मग हात जोडल्यासारखे करून म्हणाले, "के दिहुआ!" हे नाव मला ठाऊक होते. 1938 साली हिंदी वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेलेले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच देह ठेवलेले सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस. माझ्या आत्याचे सासर सोलापूरचे. एवढ्या भांडवलावर मी छाती पुढे काढून असा काही आविर्भाव केला, की जणू त्या पथकातली सहावी जागा थोडक्यात हुकलेला इसम मीच. वृद्धांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला, भरल्या डोळ्यांनी हलविला, मग त्यांची नजर ढकलगाडीकडे गेली. कन्येचा एक मोजा गळून पडला होता. त्यांनी माझा हात सोडला.

"लंऽग!" ते म्हणाले.

अमेरिकेचा व्हिसा मिळविण्यासाठी सर्व कुटुंबांना क्वांगचौला जावे लागे. चीनमधून दत्तक जाणाऱ्या मुलांचे काम तेथील वकिलातीतच होत असे. तेथील शामिअन बेटावर, मोत्यांच्या नदीच्या काठी, 1983 साली उघडलेले 'व्हाइट स्वान' नावाचे भव्य हॉटेल आहे. त्या काळी तेथील दालनात जेवढ्या ढकलगाड्या फिरत, तेवढ्या लक्ष्मी रोडवर दिवाळीच्या आधल्या रविवारीही दिसणार नाहीत. तेथे उतरणाऱ्या पालकांस एक बार्बी बाहुली भेट मिळे. सोनेरी केसांच्या त्या बाहुलीच्या कडेवर एक चिनी बालक होते. कुटुंबाने ती बराच वेळ निरखली आणि विचारले, "यातली मी कोणती?"

तेथील तांबड्या कोचावर समूहातील सर्व मुलांना ओळीने बसवून छायाचित्र काढण्याची प्रथा होती. क्वांगचौत उकाडा होता. कुटुंबाने टोपडे काढून कन्येचे चार केस विंचरले, आणि आजीबाईंच्या मंडळाने बाकावर दिलेल्या दीक्षेस स्मरून तिला रस्त्यावरच विकत घेतलेली ती बिनशिवणीची विजार, खाली दुसरे काहीही न बांधता, नेसविली. नऊ मुले कोचावर बसली. नऊही रडू लागली. छायाचित्रकाराने खुळखुळा वाजविला, टेक्ससच्या गृहस्थांनी कोंबडा होऊन दाखविला, उपयोग शून्य. तेव्हा मी कन्येस मांडीवर घेऊन, लहानपणापासून अंगी असलेल्या एकमेव कलेचा आश्रय केला. मी शीळ उत्तम घालतो. बालगंधर्वांच्या एका पदाची चाल मी शिळेवर धरली, कन्या तत्क्षणी शांत झाली, तिच्या मुद्रेवर एक अलौकिक समाधान पसरले, आणि अंतऱ्यावर येतो न येतो तोच माझ्या मांडीवर काहीतरी कोमट पसरू लागले.

दुभाषी बाई धावत आल्या. "शीळ घालू नका! आमच्याकडे मुलांना शू करवताना शीळ घालतात!"

आमच्याकडेही 'शूऽऽ' करतात, हे मला त्या क्षणी आठवले. छायाचित्रकाराने मात्र, नऊपैकी एक तरी मूल हसले म्हणून, नेमका तोच क्षण टिपला.

पुढे वकिलातीत उजवा हात वर करून शपथ झाली, आणि एक मोहोरबंद तपकिरी लिफाफा हाती देऊन बजावण्यात आले, की तो वाटेत उघडल्यास सर्व मुसळ केरात. परतीच्या प्रवासात कुटुंबाने कन्या सांभाळली आणि मी लिफाफा; दोघांपैकी जास्त कोण जागले, हा आमच्यातील चालू मतभेदाचा विषय आहे. 27 फेब्रुवारी 2001 पासून लागू झालेल्या कायद्यान्वये अशा मुलास अमेरिकेच्या भूमीवर दाखल होताच नागरिकत्व मिळते. जे प्राप्त करण्यासाठी मी चौदा वर्षे अर्ज, रांगा, ठसे आणि परीक्षा यांत झिजलो, ते आमच्या कन्येने विमानतळाच्या खिडकीशी, माझ्या खांद्यावर लाळ गाळीत, गाढ झोपेत मिळविले. अधिकाऱ्याने तिच्या कागदावर शिक्का मारला आणि स्वागत केले, मग माझ्याकडे पाहून विचारले, "तुम्ही मूळचे कुठले?"

घरी पोचताच तांबड्या कोचावरील छायाचित्र पुण्यास पाठविले. चौथ्या दिवशी मातोश्रींचा फोन आला. आवाज कातर होता. नात फार गोड आहे, म्हणाल्या. डोळे पाणीदार आहेत, जिवणी थेट आपल्या घरातल्यासारखी आहे, आल्यागेल्याला दाखवून फोटोचे कोपरे दुमडले. मग थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मला वाटले, गहिवर दाटला असावा.

"काय रे," त्या म्हणाल्या, "मी टोपडं शिवून पाठवलं होतं ना? पोरीचं डोकं उघडं कसं? अन् तुझी विजार कशानं भिजली आहे? ओल्या कपड्यांनी बसू नकोस, थंडी बाधेल."